अंतर तेवढंच, तास वेगळे

शाळेतल्या पृथ्वीगोलावर हेलसिंकीपाशी दोऱ्याचं एक टोक धरा आणि दुसरं टोकियोपर्यंत ताणा. दोरा चीनकडे झुकत नाही. वर सरकून सैबेरियावरून जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशाने आपल्याला इथे वर्षानुवर्षं फसवलेलं असतं. हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. पण प्रवाशाला किलोमीटरशी काय देणंघेणं? मुंबईहून पुणं किती लांब, तर आपणही ‘तीन तास’ म्हणतो, आणि घाटात कोंडी झाली की त्या तीनाला काही अर्थ उरत नाही.

टोकियोच्या वाटेवरची कोंडी राजकारणाची. १९८३ साली फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीने ही विनाथांबा सेवा सुरू केली तेव्हा सोव्हिएत आकाशातली वाट त्यांना खुली नव्हती. विमान उत्तर ध्रुवावरून वळसा घेई. लागत सुमारे १३ तास. पुढे सैबेरियावरची वाट मिळाली आणि तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला. मग फिनलंडने आपल्या आडबाजूच्या जागेचं सोनं केलं. युरोपातून जपान, कोरिया, चीनला जायचंय? हेलसिंकीला विमान बदला, वाट जवळची पडेल. त्या एका वाटेवर कंपनीने अख्खा धंदा उभा केला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने लगेच परतफेड केली. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघालं. पुन्हा १३ तास! मधल्या काळात इंजिनं सुधारली, विमानं हलकी झाली, आणि घड्याळ मात्र गेलं १९८३ वर. कंपनीने प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रमाणपत्रं दिली. वळशाचंही कौतुक करून घ्यायचं, ही खरी धंद्याची अक्कल.

तास वाराही ठरवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याचा रेटा पाठीशी मिळून एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं; एरवी साडेसहा-सात लागतात. पण वारा निदान विमान कोणत्या देशाचं हे बघत नाही. चिनी कंपन्यांची विमानं आजही सैबेरियावरूनच युरोपात जातात. म्हणजे शहरं तीच, दिवस तोच, आणि युरोपीय कंपनीचं तिकीट काढणाऱ्याला मात्र दोन-तीन तास जास्त.

एप्रिल २०२५ मध्ये हे आपल्याही वाट्याला आलं. पाकिस्तानने आकाश बंद केलं ते फक्त भारतीय विमानांना. दिल्लीहून पश्चिमेला निघालेली आपली विमानं आधी दक्षिणेकडे वळून अरबी समुद्रावरून जाऊ लागली, आणि अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावं लागलं. दिल्लीपासून अमेरिका एक मीटरही लांब सरकली नव्हती.