वस्तीची शांतता आणि शेजारी

आमचे वणी गाव देवीच्या नावाने ओळखले जाते. पण ती देवी काही गावात राहत नाही. सप्तशृंगगड कळवण तालुक्यात, आमचे गाव दिंडोरी तालुक्यात आणि मध्ये नांदुरी. तरीही पार खानदेशातला माणूस गडाला निघाला की 'वणीला चाललो' असेच म्हणतो. चैत्री पौर्णिमा, नवरात्र आणि कोजागरी, वर्षातून तीन वेळा आमचे रस्त्यावरचे घर आमचे राहत नसे. ओट्यावर अनोळखी माणसे निजलेली असत. रांजणातले पाणी दुपारीच संपे. रात्रभर वाद्ये वाजत आणि सकाळी दारात उष्ट्या पत्रावळी पडलेल्या असत. आमचे कुटुंब ख्रिस्ती, त्यामुळे गडाशी आमचे श्रद्धेचे नाते नव्हते. आई कुरकुरे, चिडे, आणि रांजण पुन्हा भरे. तिची कुरकुर खोटी होती असे मला आजही वाटत नाही. माणसाला झोप हवी असते, दारासमोरची जागा स्वच्छ हवी असते. परक्याच्या श्रद्धेची गैरसोय आपण किती सोसावी, हा प्रश्न मला ग्रंथात भेटण्यापूर्वी ओट्यावर भेटला.

तोच प्रश्न काही वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका गल्लीतून पुन्हा समोर आला.

लंडनच्या वायव्येस प्रिमरोझ हिल नावाची टेकडी आहे आणि तिच्याच परिसरात किंग हेन्रीज रोड नावाचा रस्ता. व्हिक्टोरियन काळातील उंच घरे आणि भोवती सुखवस्तू लोकांची वस्ती. यातील १० क्रमांकाच्या घरात १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाडेकरू म्हणून राहत होते. त्या दिवसांतील त्यांचे हाल चरित्रकार धनंजय कीर यांनी सांगितले आहेत: घरमालकिणीचे तुटपुंजे जेवण, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील बैठक आणि रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खाणे. शेजारच्या घरांतील कोणास या भाडेकरूची दखल घ्यावीशी वाटली असेल असे नाही. भाडे द्यावे आणि राहावे, एवढाच तेथील व्यवहार.

हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले आणि तेथे स्मारक-संग्रहालय सुरू झाले. अडचण पुढे उद्भवली. कागदोपत्री ते राहते घर होते, आणि राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर स्थानिक परिषदेची परवानगी लागते. ती आधी घेतली गेली नव्हती. २०१८ साली मागाहून अर्ज झाला तेव्हा काही रहिवाशांनी हरकत घेतली. बसगाड्या भरभरून लोक येतात, छायाचित्रे काढतात, गलबला होतो, आमच्या वस्तीची शांतता गेली, अशी त्यांची तक्रार होती. कॅम्डेन परिषदेने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानगी नाकारली. राहण्याची एक जागा कमी होते, हे तिचे मुख्य कारण. त्यावर अपील झाले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये तेथील गृहनिर्माणमंत्र्यांनी अटी घालून परवानगी दिली. संग्रहालय राहिले.

आपल्याकडे या बातमीवर संताप व्यक्त झाला. इंग्रजांचा अहंकार, वंशद्वेष, असे शब्द सहज वापरले गेले. मला मात्र आईची कुरकुर आठवली. लंडनमध्ये घरांची टंचाई आहे. एक राहते घर कमी होणे हे त्या परिषदेला निमित्त म्हणून सुचले, असे मानण्याचे कारण नाही. शिवाय ज्यांनी आयुष्यभर कायद्याचा मार्ग धरला त्यांच्या नावाचे स्मारक आधी उघडावे आणि परवानगी मागून मागावी, हे आपल्याला खटकायला हवे होते. (घाई करण्यात आपली सरकारे पक्षभेद मानीत नाहीत.)

पण रहिवाशांची बाजू एवढ्यावर पुरी होत नाही. याच कॅम्डेनच्या हद्दीत, हॅम्पस्टेड भागातील मेअर्सफील्ड गार्डन्स या तितक्याच शांत, राहत्या रस्त्यावर सिग्मंड फ्रॉइड यांचे घर आहे. नाझींच्या छळातून निसटून १९३८ साली ते लंडनला आले आणि पुढच्याच वर्षी वारले. कन्या अ‍ॅना १९८२ पर्यंत त्या घरात राहिली आणि १९८६ साली ते संग्रहालय म्हणून खुले झाले. म्हणजे राहत्या वस्तीत स्मरणाला जागाच नसते असे नाही. कोणाचे स्मरण आपले आणि कोणाचे परके, हे त्या वस्तीला आधी कळावे लागते. जे आपले वाटते त्याच्या पायरवाला आपण गलबला म्हणत नाही. नाशिकचा माणूस कुंभमेळ्याच्या गर्दीवर वैतागतो, पण ती उठवा असे म्हणत नाही.

किंग हेन्रीज रोडवरील रहिवाशांना हे घर इतरांना इतके मोलाचे का, हे ठाऊक नसावे. न कळत घडलेल्या उपेक्षेचा दोष माणसाला लावावा काय? माझे उत्तर असे की, न कळण्याचा दोष नाही; पण दारासमोर रोज माणसे हात जोडून उभी राहताना दिसत असूनही 'ही का येतात' असे एकदाही विचारावेसे न वाटणे, येथून दोष सुरू होतो.

ती का येतात, याचे उत्तर लंडनमध्ये मिळत नाही. ते बडोद्यात आहे. १९१७ साली परदेशातील शिक्षण घेऊन परतलेले आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीस रुजू झाले, आणि साऱ्या शहरात त्यांना राहण्यास खोली मिळेना. एका पारशी उतारगृहात ते ओळख लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. परक्यांच्या राजधानीत पौंड मोजून जे मिळाले ते स्वदेशातील संस्थानी शहरात मिळाले नाही. किंग हेन्रीज रोडवरील त्या खोलीचे मोल हे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला तर ते अधिक कळावे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली येथे सुरू झाला आणि येवल्याची घोषणा १९३५ साली येथेच झाली.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो तर सोपे होते. दोष लंडनकरांचा, दोष बडोदेकरांचा, आपण मोकळे. परंतु 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या छोट्या आठवणींत बाबासाहेबांनी त्याच दिवसाची पुढील हकीकत दिली आहे, आणि वाचक हो, ती आपल्याला वगळता येत नाही. उतारगृहातून निघाल्यावर ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू. त्याने सांगितले की, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र भारतीय ख्रिस्ती होता. तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. त्या घराण्याचे मूळ ब्राह्मणी. धर्मांतराने पती उदार झाला होता, पत्नी मात्र जुन्या आचारांतच राहिली होती, आणि उत्तर टाळण्यासाठीच होते, हे बाबासाहेबांना मागाहून कळले. त्या दिवशी ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

जखमी वाटसरूची गोष्ट आपल्या प्रत्येक धर्मग्रामात वर्षानुवर्षे वाचली जाते. ती ऐकताना आपण स्वतःला बहुधा शोमरोनी समजतो. बडोद्यातल्या त्या मित्रानेही ती ऐकली असणार. तो दुष्ट नव्हता. त्याने दार आपटले नाही, अपशब्द उच्चारला नाही. घरातील शांतता बिघडू नये, एवढेच त्याने पाहिले. प्रिमरोझ हिलच्या रहिवाशाने परिषदेकडे अर्ज तरी केला. त्याची बाजू चौकशीत मांडली गेली, तिला उत्तर देता आले. 'पत्नीला विचारतो' या वाक्यावर अपील कोठे करायचे?

आजही आपल्या ख्रिस्ती वस्त्यांत खोली भाड्याने देताना आडनाव विचारले जाते. मग 'घरच्यांना विचारून सांगतो' असे उत्तर मिळते. मी हे ऐकले आहे, आणि एकदा माझ्याच ओट्यावरून ते मी दिले आहे. समोर उभा असलेला तरुण शिक्षक होता. त्याने पाणी मागितले, मी दिले, ते पिऊन तो बसस्थानकाकडे गेला. रांजण भरणारी आई तेव्हा हयात नव्हती, त्यामुळे विचारायचे असे घरात कोणीच नव्हते.

बाबासाहेबांनी बडोद्यातील त्या ख्रिस्ती मित्राचे नाव लिहिलेले नाही.