कर्ज आणि अर्पण

अमरावती-अकोल्याकडील कांहीं बंधु आम्हांस विचारतात, कपाशी बुडाली, सावकाराचें देणें उरलें, तरी अर्पण द्यावें काय? सावकाराचें बुडवून दिलेलें दान देवास मान्य नाहीं. परंतु कर्जाचें निमित्त करून मूठ आवळणें हाहि अविश्वासच होय. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतील निराधार मुली व विधवा यांस आश्रय दिला. पुढील खर्चाची हमी हातीं नव्हती. देवावर भाव ठेवून त्यांनीं केडगांवीं विहिरी खणविल्या, शेत पिकविलें. भाव व श्रम हे एकाच जोखडाचे बैल होत. यास्तव बंधूंनो, देणें फेडीत जा आणि रोजच्या ज्वारींतून एक मूठ देवासाठीं काढा. ती सावकाराच्या वांट्यांतून नव्हे, आपल्या भाकरींतून येते. विधवेच्या दोन टोल्या प्रभूनें पाहिल्या. तुमची मूठहि तो पाहील.