आधी वाच, मग भांड

उभा राहा. मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघ. काल दाभोसाला टपरीपुढे, धबधबा बघायला आलेल्या परक्या माणसांदेखत, तू मावशीच्या पोराला काय म्हणालास? तुमच्या बायबलात सात पुस्तकं घुसडलेली आहेत, ते खोटं आहे; आमच्यातलं अक्षर न् अक्षर देवाने सांगितलं आणि माणसाने नुसतं उतरवून घेतलं. हे तुला कोणी शिकवलं? मी तरी नाही.

७३ पुस्तकं की ६६, हा वाद जुना आहे. कॅथलिकांनी १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत तोबित, मक्काबी धरून यादी पक्की केली, प्रॉटेस्टंटांनी ज्यूंची यादी धरली. दोन्हीकडे जन्मभर शास्त्र वाचलेली माणसं होती. तू त्यातलं काय वाचलंस?

१९७८ साली शिकागोत इव्हँजेलिकल विद्वानांनी शास्त्रात चूक नाही असा जाहीरनामा काढला. तुझ्या बाजूची याहून कडक भूमिका क्वचितच सापडेल. पण देवाने लेखकांचा स्वभाव आणि शैली वापरून घेतली, असं त्यातही स्पष्ट आहे. शिवाय तो दावा काटेकोरपणे मूळ हस्तलिखितांपुरता आहे, आणि ती आज कोणाकडेच नाहीत. १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने म्हटलं, कर्ता देव, पण लिहिणारी माणसंही खरीखुरी लेखक. तारणासाठी देवाला हवं ते सत्य शास्त्र न चुकता शिकवतं. फरक आहे, मी तो झाकत नाही. इतिहासातल्या बारीकसारीक तपशिलांतही चूक नाही, असा शिकागोवाल्यांचा आग्रह आहे. पण लेखक म्हणजे देवाच्या हातातला बोरू, असं दोघांपैकी कोणीच म्हणत नाही.

पुस्तकच उघड ना! लूक सुरुवातीलाच सांगतो की प्रत्यक्ष पाहिलेल्यांकडून आलेलं मुळापासून तपासून तो लिहितो आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल आधी म्हणतो, क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय कोणाला बाप्तिस्मा दिला नाही. मग त्याला स्तेफनाचं घराणं आठवतं. आणखी कोणाला दिला असेल तर लक्षात नाही, हेही तो लिहून टाकतो. देवाने तो विसरसुद्धा शास्त्रात राहू दिला. इथे तू कधी थबकलास?

पंडिता रमाबाईंचा शास्त्रावरचा विश्वास लेचापेचा नव्हता. त्या विश्वासापोटी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ साली जाईपर्यंत त्याच कामात होत्या. विश्वास असला की माणूस राबतो रे, टपरीवर गळा काढत नाही.

आणि तू, मावशीच्या पोरा, कोपऱ्यात काय उभा! ‘फादरना विचार’, एवढंच उत्तर? तोबित तुझ्याच घरात आहे, कधी उघडलंस?

मावशीने उतारवयात अक्षरं गिरवली. पावसात भिजू नये म्हणून आपलं बायबल ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवते. तिच्या पोरापुढे तू ते खोटं म्हणालास. आजच जाऊन तिची माफी माग आणि तिच्याच पुस्तकातून तिला लूकचा पहिला अध्याय वाचून दाखव. रविवारी दोघंही माझ्यापुढे बसा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय काढणार आहे, आणि प्रत्येक म्हणणं कुठल्या ओळीवरून, ते विचारणार आहे.