हाड पेशीत आधीपासून असते का?

अस्थिमज्जेतली मूलपेशी पुढे हाडाची, कूर्चेची किंवा चरबीची पेशी होऊ शकते. मग हाड तिच्यात आधीच दडलेले असते, की नव्याने उत्पन्न होते? कार्य कारणात अव्यक्त रूपाने असतेच, असे सांख्य मानतात. न्याय-वैशेषिकांच्या मते कार्य ही नवी निर्मिती.

1965 साली अमेरिकन अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी हाडातले कॅल्शियम आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ भाग सशांच्या स्नायूंत बसवला. काही आठवड्यांत तिथे, जिथे हाडाचे काहीच काम नाही तिथे, मज्जेसकट नवे हाड धरले. ते घडवले सशाच्याच पेशींनी. त्या पेशींना हाड घडवण्याचा हुकूम सोडणाऱ्या, बसवलेल्या भागातल्या प्रथिनांना पुढे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, म्हणजे बीएमपी, हे नाव पडले. बीएमपी पेशीत शिरत नाही. पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटते, तिथून निरोप केंद्रकापर्यंत जातो आणि हाड बांधणारी जनुके जागी होतात. सामग्री सारी पेशीचीच. इथवर पारडे सांख्यांकडे झुकते.

पण भ्रूणाच्या पंजात हेच बीएमपी बोटांमधल्या पेशींना मरायला लावते, म्हणून कोंबडीची बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात ग्रेमलिन नावाचे प्रथिन त्याला अडवते, म्हणून पडदा टिकतो. एकाच निरोपाने कुठे हाड, कुठे मरण! मूलपेशीत हे सगळेच अव्यक्त आहे म्हटले, तर नेमके हाडच का झाले, हे सांगायचे राहूनच जाते.

या अडचणीवर सांख्यांच्या जवळच्या योगदर्शनात एक उत्तर सापडते. पतंजलींच्या मते निमित्त, म्हणजे बाहेरचे कारण, प्रकृतीला, म्हणजे मूळ सामग्रीला, ढकलत नाही; शेतकरी बांध फोडून पाण्याला वाट देतो, तसा ते फक्त अडसर काढते. बीएमपीला हे लागू पडत नाही, ते खरोखरच हुकूम देते. स्क्लेरोस्टिनला मात्र चपखल बसते. हाडातल्या पेशीच हे प्रथिन स्रवतात आणि ते व्हिंट या हाडवाढीच्या संकेताला आवरून धरते. अमेरिकेत 2019 साली मान्यता मिळालेले रोमोसोझुमॅब हे औषध स्क्लेरोस्टिनला निकामी करते आणि ठिसूळ झालेली हाडे भरू लागतात.

तरी बांधाला निव्वळ अडसर म्हणणे घाईचे ठरेल. जन्मतःच स्क्लेरोस्टिन नसलेल्यांची हाडे वाढतच राहतात; कवटी इतकी जाड होते की चेहऱ्याच्या आणि कानाच्या नसा दबतात. हाडाला आकार देण्यात या आवराचाही वाटा आहे, आणि तो निमित्तात मोडतो की उपादानात, म्हणजे ज्यातून कार्य घडते त्या सामग्रीत, हे जुन्या वर्गवारीत सहज ठरत नाही.