नेमलेला मार्गदर्शक आणि त्याचे उत्तरदायित्व



बारावीनंतरचे प्रवेश पूर्ण झाले की काही दिवसांनी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आणखी एक यादी लागते. तीत प्रत्येक प्राध्यापकाच्या नावाखाली वीस, तीस, कुठे त्याहूनही अधिक विद्यार्थ्यांची नावे असतात. या प्राध्यापकाला कोणी 'मेंटॉर' म्हणते, कोणी 'पालक-प्राध्यापक'. या विद्यार्थ्यांचा अभ्यास, त्यांच्या अडचणी, त्यांची मनःस्थिती यांकडे त्याने लक्ष द्यावे, अशी अपेक्षा असते. 'नॅक'च्या मूल्यांकनात या व्यवस्थेची विचारणा होते, म्हणून यादी मोठ्या काळजीने तयार होते आणि फाईलला लागते. आपल्या मुलाचे किंवा मुलीचे नावही अशाच एखाद्या यादीत असेल. त्या नावाच्या वर ज्यांचे नाव आहे त्या प्राध्यापकांना हे काम कोणी शिकवले, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारला आहे?

प्रश्न वरवर व्यवस्थेचा दिसतो. माझ्या मते तो मुळात नीतीचा आहे. ज्याला विषय येतो त्याला विषय शिकणारा माणूसही सांभाळता येतो, असे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? आणि शुद्ध हेतूने दिलेल्या चुकीच्या सल्ल्याने एखाद्याचे शिक्षण सुटले, तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे?

वस्तुस्थिती प्रथम पाहू. पहिलीच्या मुलांना अक्षरे शिकवायची असली तरी शिक्षकाला डी.एड.सारखी अध्यापनाची पदविका लागते आणि शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी. असली की माणूस सहायक प्राध्यापक होण्यास पात्र ठरतो. सेटचा पहिला पेपर पन्नास बहुपर्यायी प्रश्नांचा असतो. त्यातील थोडेच प्रश्न अध्यापनाविषयी असतात. समोर बसलेल्या, खाली मान घातलेल्या मुलाला काय विचारायचे, हे बहुपर्यायी प्रश्नाने कसे तपासणार? नोकरी लागल्यावरचे प्रशिक्षण आहे. १९८७ पासून विद्यापीठांत त्यासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, पुढे त्यांची नावे बदलली, २०२३ पासून ती केंद्रे 'मालवीय मिशन'च्या नावाने चालतात. तेथील विषयांत विद्यार्थ्यांची विविधता हाही एक विषय आहे. तथापि अशा वर्गांचे स्वरूप बहुधा व्याख्यानांचेच असते. आणि ऐकून घेण्याची कला व्याख्यान ऐकून येत नाही.

या ठिकाणी मला एक हदीस आठवते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या वचनाचा आशय असा की, ज्याची वैद्यकी ज्ञात नाही अशा माणसाने वैद्यकी केली, तर तो नुकसानीस जबाबदार आहे. ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांनी, तिच्यावर फार बारकाईने विचार केला. निष्णात वैद्याने परवानगीने आणि शास्त्रानुसार उपचार केला आणि तरीही अपाय झाला, तर त्याच्यावर भरपाई नाही. अनभिज्ञाने उपचार केला आणि अपाय झाला, तर भरपाई आहे. त्याचा हेतू चांगला होता, ही सबब भरपाईच्या आड येत नाही. हेतूचा हिशेब अल्लाहकडे वेगळा होईल, परंतु बिघडलेला अवयव हेतूने दुरुस्त होत नाही.

इब्नुल कय्यिम (रह.) यांनी यात आणखी एक भेद केला आहे आणि तो आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी जातो. हा मनुष्य वैद्य नाही हे रोग्याला ठाऊक असेल आणि तरीही त्याने स्वतःला त्याच्या हाती सोपवले असेल, तर गोष्ट निराळी. रोग्याने त्याला वैद्य समजून विश्वास ठेवला असेल, तर मात्र उत्तरदायित्व पक्के. आता ती यादी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. विद्यार्थ्याने हा मार्गदर्शक निवडलेला नाही. संस्थेने शिक्का मारून त्याला सांगितले की, तुझी अडचण यांच्याकडे ने. म्हणजे 'हे वैद्य आहेत' असे रोग्याला संस्थेने सांगितले! मग अपायाचे उत्तर एकट्या प्राध्यापकाने का द्यावे? मी येथे फतवा देत नाही. न्यायालयातील भरपाई आणि अंतःकरणातील जबाबदारी यांत अंतर आहे. पण पात्रतेवाचून विश्वासाची जागा घेणे आणि पात्रता न देता ती जागा वाटणे, ही दोन्ही अमानतीतील कसूर आहे, असे मला स्पष्ट वाटते. संस्थेची कसूर अधिक मोठी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच लोकांकडून येतो. तरबियत ही तळमळीतून होते, कार्यशाळेतून नव्हे. पूर्वीच्या उस्तादांनी कोणते प्रशिक्षण घेतले होते? आक्षेपात तथ्य आहे. तळमळ नसेल तर सगळे प्रशिक्षण कोरडे. परंतु एका हदीसमध्ये प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे काम उत्तम रीतीने करणे, बंधनकारक सांगताना उदाहरण दिले आहे ते सुरीचे: जनावर जिबह करायचे तर सुरीला धार लावा, त्याला विनाकारण वेदना देऊ नका. दया मनात असणे पुरेसे मानले गेले नाही. सुरीला धार नसेल तर दयाळू माणसाच्या हातूनही जनावर तडफडतेच.

आणि पूर्वीच्या उस्तादांविषयी म्हणाल, तर त्यांच्या काळातील व्यवस्था आपण समजतो तितकी सैल नव्हती. बगदादची मुस्तनसिरिया मदरसा १२३४ साली सुरू झाली. जवळपास शतकानंतर, १३२७ मध्ये, इब्न बतूता तेथे गेला. त्याने पाहिले की मुदर्रिस, म्हणजे मुख्य अध्यापक, उच्चासनावर बसून पाठ देतात आणि त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूस दोन मुईद बसलेले असतात. मुदर्रिसांनी सांगितलेला पाठ विद्यार्थ्यांसाठी पुन्हा सांगणे हे मुईदाचे काम. ताजुद्दीन सुबकी (रह.) यांनी चौदाव्या शतकात निरनिराळ्या पदांची कर्तव्ये लिहिली, तेव्हा मुईदाचे कर्तव्य स्वतंत्रपणे नोंदवले: केवळ पाठ ऐकण्यापलीकडे, विद्यार्थ्यांना तो समजावा आणि उपयोगी पडावा यासाठी कष्ट घेणे. सांगणे आणि समजेपर्यंत सोबत करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या लोकांनी जाणले होते. मुईद हे काम मुदर्रिसांच्या शेजारी बसून, त्यांच्या देखत शिकत असे. आजही आमच्या मदरशांत संध्याकाळी 'तकरार' होते. एक हुशार तालिबे-इल्म चार-सहा सोबत्यांना दिवसाचा सबक पुन्हा समजावतो. ती त्याच परंपरेची आठवण म्हणता येईल. (तरीही सनद हाती पडताच कोवळ्या वयाच्या पन्नास मुलांसमोर बसवलेल्या नव्या फाजिलला आपण काय शिकवून पाठवतो, हा प्रश्न आपल्या घराचाही आहे. तो या लेखात मावणार नाही.)

मग प्राध्यापकाने शिकावे तरी काय?

सर्वप्रथम, न बोलणारा विद्यार्थी ओळखणे. सूरह 'अबस'ची पार्श्वभूमी आपणास ठाऊक आहे. कुरैशच्या सरदारांशी संभाषण चालू असताना अंध साहाबी ह. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) शिकण्याच्या ओढीने आले आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा अल्लाहने आपल्या प्रिय प्रेषितांचे लक्ष त्या दुर्लक्षाकडे वेधले; आणि ती घटना कुरआनमध्ये कायमची राहिली. वर्गात पुढच्या बाकावर बसणारी, इंग्रजीत उत्तर देणारी, वक्तृत्वाची ढाल आणणारी मुले प्राध्यापकाचा वेळ आपोआप मिळवतात. दहावी-बारावी मराठी किंवा उर्दू माध्यमातून करून आलेला, सायन्सच्या पहिल्या वर्षात एकदम इंग्रजी पुस्तकांपुढे बसलेला मुलगा मागे गप्प असतो. त्याला दोन विषयांत एटीकेटी लागते, मग तो येणेच बंद करतो. हजेरीपटावरील अनुपस्थिती ही शिक्षा देण्याची बाब नसून चौकशी करण्याची खूण आहे, हे प्रशिक्षणाने अंगी बाणवता येते.

दुसरे, उत्तर देण्याआधी विचारणे. एक तरुण प्रेषित (स.) यांच्याकडे उघड पापाची परवानगी मागायला आला, हा प्रसंग मुस्नद अहमदमध्ये आहे. भोवतालच्या लोकांनी त्याला दटावले. प्रेषितांनी त्याला जवळ बोलावले, बसवले आणि एकामागून एक प्रश्न विचारले: तुझ्या आईच्या बाबतीत तुला हे आवडेल काय, मुलीच्या, बहिणीच्या? प्रत्येक उत्तर त्या तरुणानेच दिले. मग त्याच्या छातीवर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ केली. या प्रसंगातला क्रम पाहा. जवळीक आधी, प्रश्न नंतर, उपदेश जवळजवळ नाहीच. आपल्याकडे मार्गदर्शन म्हणजे उपदेश असा पक्का समज आहे, आणि मिंबरवर उभे राहणाऱ्या माझ्यासारख्यांचा तर तो व्यवसायच! म्हणूनच सांगतो, ही सवय मोडायला सराव लागतो. दोन प्राध्यापकांनी विद्यार्थी आणि मार्गदर्शक होऊन बोलावे, तिसऱ्याने पाहावे आणि नंतर सांगावे की, आपण त्याला दोनदा मध्येच तोडलेत. अशा एका तासाचे मोल दहा व्याख्यानांहून अधिक आहे.

तिसरे, आपली सीमा ओळखणे. रात्र-रात्र झोप नसणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही लक्षणे दिसली तर प्राध्यापकाने स्वतः समुपदेशक बनू नये. तज्ज्ञाकडे पोहोचवावे, 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवावा आणि विद्यार्थ्याला एकटे सोडू नये. शिवाय महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरतात, कोणता दाखला कुठे मिळतो, हेही त्याला ठाऊक हवे. रुक्ष वाटते, पण कित्येकांचे शिक्षण एका दाखल्यापायी अडते. विद्यार्थिनीशी बोलताना दार उघडे असावे, ही मर्यादा दोघांच्याही हिताची आहे.

प्राध्यापकांची बाजूही ऐकली पाहिजे. नियमानुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. त्यात पेपर तपासणी आणि अहवाल मोजलेले नाहीत. महाराष्ट्रात अनेक जागा रिक्त असून त्या तासिका तत्त्वावर भरल्या जातात. तासाप्रमाणे मानधन घेऊन एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावणाऱ्या तरुणाला तीस मुलांची मने सांभाळ असे सांगणे, तेही न शिकवता आणि त्या वेळेचे मोल न देता, हा त्याच्यावरही अन्याय आहे. मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्यापूर्वी देण्याची शिकवण आपण वारंवार सांगतो. हा घामही त्यातच येतो.

आता आपल्याविषयी, कारण यात सर्वात अवघड प्रश्न पालकांच्या बाजूने उभा राहतो. मार्गदर्शकाला कळलेली गोष्ट त्याने घरी सांगावी काय? बैठकीत बोललेले ही अमानत असते, अशी शिकवण आहे. दुसरीकडे आई-वडिलांचा हक्कही मोठा आहे. माझे मत असे की, जिवाला धोका असेल तर सांगणे कर्तव्य आहे. अन्यथा विद्यार्थ्याच्या संमतीने आणि शक्यतो त्याच्याच तोंडून घरी कळावे. हे मत अनेक पालकांना रुचणार नाही. पण महाविद्यालयातून फोन आला की आपल्या घरात काय घडते, याचाही विचार करा. मुलगी दोन दिवस आली नाही, एवढे सांगायला फोन येतो आणि आठवड्याभरात तिचे शिक्षण थांबते. चौकशी फीची अडचण सोडवण्यासाठी होती, हे कोणी ऐकूनही घेत नाही. असा अनुभव एकदा आलेला प्राध्यापक पुन्हा फोन करील काय?

इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्या तरुणपणीची एक गोष्ट चरित्रग्रंथांत येते. घरची गरिबी होती. वडिलांनी समजावले की, अबू हनीफांची भाकरी भाजलेली आहे, तुला मात्र पोट भरायचे आहे. त्यांच्याकडे जाणे कमी कर. मुलाने वडिलांचे ऐकले. इमाम अबू हनीफा (रह.) यांना त्याची उणीव जाणवली, त्यांनी विचारपूस केली. मुलगा आला तेव्हा त्यांनी त्याच्या वडिलांना दोष दिला नाही, आज्ञा मोडायलाही सांगितले नाही. सगळे उठून गेल्यावर, कोणी पाहत नसताना, शंभर दिरहमांची थैली त्याच्या हाती दिली आणि संपले की सांग म्हणाले. थोड्या दिवसांनी, त्याने सांगण्याआधीच, पुन्हा दिली. हाच मुलगा पुढे हारून रशीदच्या काळात काजीउल-कुजात, म्हणजे सर्व न्यायाधीशांचा प्रमुख झाला. त्या वडिलांनाही मी दोष देणार नाही. त्यांची चिंता खरी होती. फरक इतकाच की ती चिंता उस्तादांपर्यंत पोहोचली.

आपली चिंता कोणापर्यंत पोहोचते? यंदाची यादी लागली की मुलाच्या नावावरचे नाव पाहा आणि त्या प्राध्यापकांना एकदा जाऊन भेटा. आईनेही जावे. प्राचार्यांना नम्रपणे विचारा की, या कामाचा सराव आपल्याकडे कोणी करून घेते काय, आणि त्याला वेळापत्रकात तास आहे काय. पहिल्या भेटीत गुणांचा विषय काढू नका. मुलगा पहाटे कोणत्या एस.टी.ने निघतो, संध्याकाळी दुकानावर किती वेळ बसतो, घरात अभ्यासाला जागा आहे की नाही, एवढे सांगून या.