तुटलेला चेहरा आणि नरदेह

युद्धात नाक, गाल किंवा जबडा गमावलेल्या माणसाचा जीव वाचला म्हणजे उपचार संपला का, हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच धर्मविचाराचाही आहे. देह म्हणजे आत्मा नव्हे, असे वेदान्त सांगतो. मग चेहऱ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील.

उत्तर परंडा तालुक्यात सापडते. तिथे सीना नदीकाठी डोमगावला कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थ रामदासांचा दासबोध लिहून घेणारे तेच हे कल्याणस्वामी. देहबुद्धी सोडा म्हणून परोपरीने बजावणाऱ्या या ग्रंथाचा पहिला दशक संपतो तो मात्र नरदेहाच्या स्तवनाने. देह हे साधन आहे, आणि मोडलेले साधन नीट करणे म्हणजे देहाचे लाड नव्हेत. नामस्मरणालासुद्धा जीभ आणि जबडा लागतो.

जबड्याची जखम थेट जिवावर बेतते. खालच्या जबड्याचा पुढचा भाग उडाला की जिभेचा आधार जातो. जखमीला उताणे निजवले तर जीभ घशात पडून श्वास कोंडतो. म्हणून त्याला पुढे वाकवून बसवतात. पुढे दातांना तारा बांधून हाड जागेवर धरतात.

नाकाची गोष्ट वेगळी. ते गेले तरी माणूस जगतो, पण आपल्याकडे नाक कापले जाणे म्हणजे अब्रू जाणे. 1792 च्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी हा मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक दिले. मेणाचे नाक करून ते कपाळावर सपाट पसरले, कडेने रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांमधला देठ तेवढा राखला, त्यातून रक्त चालू राहते. मग कातडी फिरवून खाली आणली, नाकाच्या जागी बसवली, वर काथाचा लेप दिला. सुमारे 25 दिवसांनी देठ कापला.

ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून शल्यविशारद जोसेफ कार्प्यूने 1814 मध्ये तिथे तशीच शस्त्रक्रिया केली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात शल्यविशारद हॅरोल्ड गिलीझने सैनिकांचे चेहरे घडवले, तेही देठ राखण्याच्या याच तत्त्वावर. 'जेंटलमन्स मॅगझिन'मधल्या त्या हकीकतीत कावसजीचे नाव आहे. नाक देणाऱ्याची मात्र फक्त जात नोंदलेली आहे.