भयाचे आज्ञापालन, विवेकाचे आज्ञापालन

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या जंगलपट्ट्यात निवडणुकीच्या वेळी अनेक वर्षे दोन हुकूम निघत आले: शासनाचे मतदानाचे आवाहन आणि नक्षलवाद्यांची बहिष्काराची पत्रके. बोटावरची शाई एकीकडे कर्तव्याची खूण, दुसरीकडे गुन्ह्याची. वाचकहो, अशा गावात जो भीतीने घरीच बसला, त्याने कोणाची आज्ञा पाळली? बंदुकीची. (त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही, जिवावर बेतलेल्याला इस्लामनेही सवलत दिली आहे.)

ख्रिस्ती शिकवणीत हा भेद स्पष्ट आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १३व्या अध्यायात पौल सांगतात की, सत्तेच्या अधीन राहावे ते केवळ शिक्षेच्या भयाने नव्हे, तर सदसद्विवेकबुद्धीनेही. पण जो विवेक कायदा पाळायला लावतो, तोच त्याची मर्यादाही दाखवतो. सूरह निसाच्या ५९व्या आयतीत आज्ञापालनाचा आदेश अल्लाहसाठी आणि प्रेषितांसाठी (स.) स्वतंत्रपणे आला आहे; सत्ताधाऱ्यांचा उल्लेख करताना ते क्रियापद पुन्हा आलेले नाही. यावरून भाष्यकारांनी त्यांचे आज्ञापालन सशर्त मानले.

दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे हबशात दिसते. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतील मुस्लिम तेथील ख्रिस्ती राजा नज्जाशीच्या आश्रयाला गेले व त्याच्या राज्यात शांततेने राहिले. पुढे कुरैशांच्या दूतांनी राजाचे कान भरले की, हे लोक ईसांविषयी (अ.) भलतेच बोलतात. आश्रय गमावण्याची वेळ होती. हजरत जाफर (रजि.) यांनी राजाला रुचेल असे उत्तर शोधले नाही, ईसा (अ.) अल्लाहचे दास व प्रेषित आहेत, हेच सांगितले. नज्जाशीने त्यांना दूतांच्या हवाली करण्यास नकार दिला.